भाडेकरूचा खांब

"त्या खेडेगावातल्यांना कशाला हवंय इंटरनेट? आधी प्यायला पाणी द्या म्हणावं." हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या जणांकडून ऐकलं, की समोरच्याने तोंड उघडलं की मला ते आधीच ऐकू यायचं. ऑफिसातले सहकारी म्हणायचे, त्यांच्या बायका म्हणायच्या, आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरी तर मला जिन्यात थांबवून म्हणायचे. गंमत अशी, की ज्या आठवड्यात आमच्या सोसायटीत ब्रॉडबँडची तार आली, त्याच आठवड्यात खाली पाण्याचा टँकर उभा होता. पण एकाही सभासदाने तारवाल्याला परत पाठवलं नाही, की बाबा, आधी आमचे नळ वाहू देत, मग ये. मी हे सेक्रेटरींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आपली गोष्ट वेगळी." ती वेगळी कशी, हे मी आजपर्यंत अनेकांना विचारलं आहे. कुणालाही सांगता आलेलं नाही.

मी मूळची विदर्भातली. वडील पोस्टात कारकून होते. आमच्या घरात छप्पन्न सालापासून बुद्धाचा फोटो आहे, आणि वडिलांची एकच शिकवण होती: कुणी आडनाव विचारलं तर पूर्ण सांगायचं, आणि समोरच्याला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचं. पुण्यात घर शोधताना पाच ठिकाणी मी ते तसं सांगितलं आणि पाचही ठिकाणी "कळवतो" असं उत्तर मिळालं. सहाव्या ठिकाणी मालक परदेशात होते, त्यांना फ्लॅट रिकामा ठेवायचा नव्हता, म्हणून मी कोथरूडकर झाले. सेक्रेटरी पहिल्याच दिवशी म्हणाले, "आपण तिकडच्या ना? बोलण्यावरून वाटलं." मी म्हटलं, हो, तिकडचीच, आणि त्यांनी विचारायच्या आत आडनावही सांगून टाकलं. ते "बरं, बरं" म्हणाले आणि सोसायटीच्या नियमांची छापील प्रत माझ्या हातात ठेवली. त्यातले निम्मे नियम गच्चीबद्दल होते.

हिंजवडीतल्या माझ्या कंपनीला वर्षातून एकदा समाजाची आठवण यायची. त्या दिवशी आम्ही सगळे एकसारखे टी-शर्ट घालून बसमध्ये बसायचो आणि कुठल्यातरी गावात वह्या वाटून, फोटो काढून संध्याकाळी परत यायचो. त्या वर्षी सिंहगडाच्या अलीकडे डोंगराच्या अंगावर वसलेल्या एका गावात गेलो. कंपनीने आदल्या वर्षी पंचायतीला तीन जुने कॉम्प्युटर दिले होते. ते एका खोलीत प्लास्टिक पांघरून ठेवलेले होते आणि प्रत्येकावर हळदीकुंकू आणि वाळलेला झेंडू होता. पूजा वेळच्या वेळी होत होती. वापर एकदाही झाला नव्हता.

आम्हाला चहा द्यायला एक बाई होती. वय माझ्याइतकंच, तिशीच्या आतबाहेर. सगळे फोटोसाठी बाहेर गेले तेव्हा ती ट्रे हातात धरून मला म्हणाली, "मॅडम, ह्याच्यातनं भायेर कसं जायचं?"

मला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, पेपरात वाचलंय, ह्याच्यातून बाजारभाव कळतो, निकाल कळतो, परगावच्या माणसाला पत्र जातं. तर ते जातं कुठून? मी म्हटलं, त्याला जोडणी लागते, इथे तारेचा फोनच नाही. ती म्हणाली, "मग जोडणी न्हाई तर आणलंय कशाला हे?"

मला लाज वाटली. माझ्या अंगात कंपनीचा टी-शर्ट होता आणि त्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी उदात्त लिहिलेलं होतं. मी उत्तर टाळायला म्हणून बाहेर ओट्यावर आले, आणि समोर पुणं दिसलं. उजवीकडची टेकडी, तिच्याखालच्या इमारती, आणि नीट पाहिलं तर कोथरूडच्या आमच्या बाजूच्या पाण्याच्या टाक्या. माझं कामच नेटवर्कचं. जे डोळ्याला दिसतं तिथे रेडिओ पोचतो, हे त्या कामातलं पहिलं सत्य आहे. त्या दिवशी बसमध्ये सगळे अंताक्षरी खेळत होते आणि मी वहीच्या मागच्या पानावर अंतर मांडत होते.

त्या बाईला गावात सगळे ताई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ती बारावी झालेली होती. भोरकडे दिली होती, तीन वर्षांत माहेरी परत आली होती आणि दोन भावांच्या घरात राहत होती. तिला डाव्या कानाने ऐकू येत नसे. का, ते तिने मला एकदाच सांगितलं आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

मग मी कामाला लागले. बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेले आणि जाळीच्या दोन अँटेना-छत्र्या आणि केबल मागितली. दुकानदाराने किती लांब जायचंय म्हणून विचारलं. चौदा-पंधरा किलोमीटर म्हटल्यावर तो म्हणाला, "बाई, आमच्याकडे माल मिळतो. चमत्कार समोरच्या दुकानात बघा." समोर देवळाची रांग होती. तरी माल त्याने चांगला दिला. इंटरनेट माझ्याच फ्लॅटमधलं वापरायचं ठरवलं. जोडणी कुणाला वाटता येणार नाही, असं करारात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, कागदाची नीट घडी केली आणि तो कपाटात ठेवून दिला.

खरा डोंगर होता तो गच्चीचा. छत्री उंचावर हवी, म्हणून गच्चीवर लोखंडी खांब उभा करायचा होता, आणि मी भाडेकरू. परवानगीला दोन महिने लागले. कमिटीने मला बोलावून विचारलं, की ह्यातून सोसायटीचा फायदा काय. मी म्हटलं, काही नाही. बहुधा इतकं सरळ उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं, कारण आठवड्याने पत्र आलं. त्यात सहा अटी होत्या. चौथी अट अशी, की सदर खांब सोसायटीची सामायिक मालमत्ता समजण्यात येईल व सभासदांना त्याचा वाजवी उपयोग करता येईल. लोखंडी खांबाचा कोण कसला उपयोग करणार, असं म्हणून मी सही केली.

उन्हाळ्यात जोडणी सुरू झाली. पहिल्या दिवशी पडद्यावर पान उघडायला ताईचा एक पूर्ण चहा पिऊन झाला, पण उघडलं. महिनाभरात ती माझ्यापेक्षा जलद टाइप करायला लागली. खोलीबाहेर तिने शाळेचा जुना फळा टांगला आणि रोज दुपारी त्यावर पुण्याच्या मार्केट यार्डातले टोमॅटो-काकडीचे भाव लिहायला सुरुवात केली. भाव आत्तापर्यंत सरपंचांच्या पुतण्याच्या तोंडून कळायचा, कारण गावची भाजी त्याच्याच टेम्पोतून जायची. आता लोक आधी फळ्याकडे बघायचे आणि मग पुतण्याकडे. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे कुणाच्या तरी नाकाला झोंबणार.

पावसाळाभर सगळं सुरळीत चाललं. ढग, वारा, धुकं, काही झालं तरी जोडणी तुटली नाही. आणि भाद्रपदात, पितृपंधरवडा सुरू होऊन लख्ख ऊन पडलं, तेव्हा ती तुटू लागली. सकाळी ठीक. साडेअकरा-बाराला गेली की थेट चार-साडेचारला परत. रोज नाही, पण बहुतेक रोज. नेमकी भाव लिहायच्या वेळी. पारावरच्या माणसांना आयता विषय मिळाला. "पुण्याचं नेट हाय," ते म्हणायचे, "दुपारी एक ते चार बंदच राहनार." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही हसू आलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा आलं नाही.

कारण आता ती गंमत राहिली नव्हती. खोली पंचायतीने सहा महिन्यांसाठी दिली होती आणि पुढे केंद्र कुणी चालवायचं, ते गांधीजयंतीच्या ग्रामसभेत ठरणार होतं. सरपंचांनी पुतण्याचं नाव पुढे केलं होतं. बाईमाणसाला यंत्राचं जमत नाही, दुपारी बंद पाडून ठेवते, असं ते उघड बोलत होते. आणि घरी भावांनी ताईला सांगून टाकलं होतं. दसरा झाला की सासरचे न्यायला येणार आहेत. गावाने काम दिलं तर राहा, नाही तर नांदायला जा. भाऊ वाईट नव्हते. पण पाच वर्षांत एकदाही तिला विचारलं नव्हतं, की तुझा कान कसा आहे.

ताईने हे मला फोनवर सांगितलं, किराणा दुकानातल्या बिनतारी रुपयाच्या डब्यावरून, मध्ये दोनदा रुपया टाकून. मी म्हटलं, काळजी करू नका, मी शोधून काढते.

मी दोन रविवार त्या गावात घालवले. लोडशेडिंगचं वेळापत्रक जुळवून पाहिलं. जुळलं नाही, शिवाय खोलीत ट्रकची बॅटरी होतीच. छत्री हलवून पाहिली, केबल बदलली, खांबावर चढून जोड सोलले, पुन्हा बांधले. ऑफिसला जायच्या आधी सकाळी पुण्याच्या गच्चीवर जाऊन यायचे. तिथे सगळं सरळ, कोरडं, व्यवस्थित. मग माझा संशय एकाच दिशेला जाऊ लागला आणि तो मी लपवलाही नाही. कुणीतरी हात लावतंय. केबल पायात येते आहे. ताई स्वतःच काहीतरी दाबून बसतात आणि सांगत नाहीत. इतकी वर्षं लोकांनी माझ्यावर जो संशय घेतला, की हिला जमेल का, तोच मी कसलाही विचार न करता तिच्यावर घेत होते. हे लिहितानाही मला माझा राग येतो.

सभेच्या आदल्या दिवशी शनिवार होता, मला सुट्टी. दुपारी पाऊणच्या सुमाराला ताईचा फोन आला: गेलं. मी चिडले. म्हटलं, "ताई, खरं सांगा, केबलला कुणी हात लावला? तुम्ही सकाळी झाडताना ओढली असेल."

ती म्हणाली, "मॅडम, दोन रविवार तुम्ही माझी बाजू उचकून बघितली. एकदा तुमच्या बाजूला दुपारचं बघा की."

मी फोन ठेवला आणि तणतणत जिना चढले, तिला खोटं पाडायला. गच्चीला एरवी कुलूप असायचं आणि एक ते चार किल्ली मागायची नाही असा नियम होता. आज दार उघडं होतं.

गच्चीभर गोधड्या होत्या. माझ्या खांबापासून टाकीच्या शिडीपर्यंत जाड दोरी ताणली होती आणि तिच्यावर तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या चार गोधड्या, दोन सोलापुरी चादरी, सगळं ओलंचिंब. त्यातली सर्वांत जाड गोधडी, सात-आठ जुन्या साड्यांची तरी असेल, बरोबर छत्रीच्या तोंडासमोर लोंबत होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. आमच्या लहरींना पाण्याचं वावडं. पावसाचे थेंब त्या कशाबशा ओलांडतात, पण ओली गोधडी छत्रीला चिकटून असेल तर काही म्हणता काही पलीकडे जात नाही. चारपर्यंत ती वाळली, की पुन्हा सगळं सुरू.

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हे मला काय माहीत नव्हतं? आणि खाली फलकावर सेक्रेटरींच्या सुवाच्य अक्षरात 'गोधड्या वाळविण्याचे वेळापत्रक' पंधरा दिवस लावलेलं होतं. कुठला फ्लॅट, कुठला दिवस. मी रोज दोनदा त्याच्यासमोरून जात होते. पण त्या यादीत भाडेकरूंचे फ्लॅट नव्हते, म्हणून मी एकदाच नजर टाकली आणि आपला संबंध नाही म्हणून सोडून दिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर गावालाच दोष देऊन आले होते.

मी गोधडी दोरीवरून बाजूला सरकवली आणि किराणा दुकानात फोन लावला. ताई तिथेच थांबली होती. खोलीपर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, "आलं." मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. उद्याचं बघा."

उद्याचं बघायला मी सेक्रेटरींकडे गेले. ते झोपमोड झाल्यामुळे बनियनवर दारात उभे राहिले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आत गेले आणि फाईल घेऊन आले. चौथ्या अटीखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती. "वाजवी उपयोग," ते म्हणाले. "गोधडी वाळत घालणं आपल्याला अवाजवी वाटतं का?"

"काका, उद्या एकच दिवस. एक ते तीन, दोनच तास."

"उद्याचा वार आमचा आहे. वर्षातून एकदा येतो. नियम सर्वांना सारखे."

"सर्वांना? यादीत भाडेकरू कुठे आहेत?"

"भाडेकरूंच्या गोधड्या हा सोसायटीचा विषय नाही," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

मी खाली आले आणि माझ्या खोलीत बराच वेळ येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी मी गावात असणार, सभेत ताईच्या शेजारी बसणार, असं पक्कं ठरलं होतं. भाषणही तयार होतं. आता दोन्हींपैकी एकच होणार होतं. मी ताईला फोन करून सांगितलं, की मला गच्चीवर बसावं लागेल, मी येऊ शकत नाही, तुम्हाला एकटीलाच उभं राहावं लागेल. पलीकडून नुसतं "बरं" आलं. मला त्या "बरं"ने फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी दहाला, दार उघडल्या उघडल्या, मी गच्चीवर गेले. खांबाची दोरी सोडून गुंडाळून ठेवली, सतरंजी अंथरली, पाण्याची बाटली घेतली आणि खांबाला पाठ लावून बसले. अकरा वाजता सेक्रेटरी आले. त्यांनी माझ्याकडे, मग दोरीकडे पाहिलं. "गांधीजयंतीचं निमित्त साधलंत," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो. आपणही बसू शकता. जागा सामायिक आहे." ते कमिटीतल्या कुणाला तरी फोन करायला खाली गेले.

मग त्यांच्या पत्नी आल्या. काकूंशी माझं दीड वर्षात जिन्यातल्या हसण्यापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. दोन्ही हातांत ओल्या गोधड्यांच्या बादल्या, पदर खोचलेला, चार मजले चढल्याने दम लागलेला. त्यांनी बादल्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "काय हो, हे कुणासाठी चाललंय?"

मला खरं तर इंटरनेटवर बोलायचं होतं. गाव, शहर, हक्क. कालपासून घोकलेलं सगळं होतं. पण त्यांचा दम ऐकला आणि मी एवढंच म्हटलं, की एक बाई आहे, नवऱ्याने मारून कान फोडला, माहेरी आली. आज दुपारी हे यंत्र चाललं तर तिला परत जावं लागणार नाही.

काकूंनी बादल्या उचलल्या, गच्चीच्या पुढच्या कठड्याशी गेल्या आणि एकेक गोधडी झटकून रस्त्याच्या बाजूला कठड्यावर पसरली. दर्शनी भागावर कपडे वाळत घालू नयेत, हा नियम अकरावा होता आणि तो त्यांच्या यजमानांनीच केला होता. खालून सेक्रेटरींची हाक आली, "अगं, हे काय करतेस?" काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "वाळत घालतेय. दिसत नाही का?" आणि जाताना मला म्हणाल्या, "चारपर्यंत बसा. काढायला मी येईन." त्यांचे यजमान माझ्याशी नंतर सहा महिने जिन्यात बोलले नाहीत. पुण्यात याला मी विजय म्हणते.

मी साडेचारपर्यंत उन्हात बसले. डोक्यावर ओढणी, मांडीवर लॅपटॉप. पडद्यावरच्या आकड्यांवरून जोडणी जिवंत आहे एवढं कळत होतं. तिकडे काय चाललंय ते कळत नव्हतं. पाचला फोन आला.

ताई म्हणाली, नेट चाललं. सगळ्यांसमोर तिने मार्केट यार्डचे भाव काढून दाखवले, एकाच्या दुबईतल्या मुलाचं पत्र वाचून दाखवलं. मी आनंदाने काहीतरी बोलू लागले तर ती म्हणाली, "ऐका तरी. तरीबी काढून घेत व्हते."

सरपंच म्हणाले होते, चालतंय ते चांगलंच आहे, पण केंद्र बाईच्या नावावर नको. आज आहे, उद्या नांदायला गेली तर? पुतण्याचं नाव लिहा. ग्रामसेवक लिहायलाही लागले. दोन रविवार, एक अख्खा दिवस ऊन, आणि मी समजत होते, की जोडणी चालली की झालं. त्यांना जोडणीशी काही देणंघेणंच नव्हतं. चालली नसती तर ते कारण, चालली तर दुसरं.

"मग?" मी विचारलं.

"मग मी उभी ऱ्हायले. म्हटलं, लिहा ठराव. पण कारण बी लिहा. यंत्र चालू हाय, काम व्हतंय, भाव खरा लिहिती, तरी बाई हाय म्हणून काढलं. असं लिहा आणि खाली सगळ्यांनी सह्या करा."

ग्रामसेवकांनी पेन उचलून धरलं आणि सरपंचांकडे पाहिलं. सरपंच म्हणाले, असं कुठं लिहितात का? ताई म्हणाली, मग जे खरं नाही ते लिहिणार का? कुणी सही करायला पुढे आलं नाही. काकडीवाले दोघं-तिघं म्हणाले, राहू द्या तिच्याकडंच. आणि ठराव तिच्या नावाने झाला.

मी म्हटलं, "ताई, मी तिथे असायला हवं होतं. तुम्ही एकट्या पडलात."

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही असता तर ते तुमच्याशीच बोलले असते."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं. खेड्यात इंटरनेट नेण्यावर मोठ्या हॉटेलांत भरणाऱ्या परिषदांना मी पुढे पुष्कळ गेले. तिथे पडद्यावर आलेख असत आणि कुणी ना कुणी विचारायचंच, की आपल्या प्रकल्पाचं यश कशात आहे. मी ताईचं हे वाक्य सांगायचे. लोक हसायचे आणि पुढचा आलेख दाखवायचे. मी ते पुढच्या परिषदेत पुन्हा सांगायचे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी गावात गेले. एक जोड सैल झाला होता तो बघायचा होता. खोलीत रांग होती; मी सवयीने सरळ टेबलाकडे निघाले तर ताई म्हणाली, "मॅडम, नंबर लावा." मी शेवटी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने बाहेर जीप थांबली आणि चार माणसं आत आली. तिचा सासरा, नवरा आणि आणखी दोघं. मागे तिचे दोन्ही भाऊ, दारातच थांबलेले.

रीत अशी, की सासरची माणसं आली की बाईने उठायचं, पदर घ्यायचा आणि आत जायचं. रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही बाजूला सरून वाट करून दिली. ताईने मान वर करून पाहिलं. ती एका पोरीचा अर्ज भरत होती. तिची बोटं क्षणभर थांबली. मग ती पुन्हा टाइप करू लागली.

"चल, सामान बांध," सासरा म्हणाला.

"नंबर लावा," ताई म्हणाली. "हे आधी आलेत."

मला वाटलं, आता हात उगारला जाणार, आणि मी पुढे व्हायला पाय उचलला. पण रांगेतले जे बाजूला सरले होते ते एकेक करून आपापल्या जागी परत येऊन उभे राहिले, आणि वाट बंद झाली. ते नजरेसमोर राहावेत म्हणून मी मागे सरले आणि चौघं माझ्या पुढच्या रिकाम्या जागेत उभे राहिले. अर्धा तास तरी गेला असेल. अर्ज झाला, एकाचा निकाल झाला, एकाचं पत्र झालं. मग त्यांचा नंबर आला.

"काय काढायचंय?" ताईने विचारलं. उठली नाही.

"तुला न्यायला आलोय," सासरा म्हणाला.

"ते काम इथं व्हत न्हाई," ती म्हणाली. "पुढचं कोण हाय?"

पुढची मी होते. मी पुढे झाले.